हरणाच्या शिकारीतले अपघात : ते का होतात आणि कसे टाळतात?

महाभारताच्या मौसलपर्वात जरा नावाचा व्याध रानात पहुडलेल्या श्रीकृष्णाला लांबून हरीण समजतो आणि बाण सोडतो. रामायणातला दशरथ तर काही पाहतही नाही. नदीकाठी घड्यात पाणी भरण्याचा आवाज येतो, श्वापद पाणी पीत असावे असे त्याला वाटते आणि श्रावणबाळाचा जीव जातो. दोघांचाही नेम अचूक होता. फसले ते समोर कोण आहे हे ओळखण्यात.

आज धनुष्याच्या जागी बहुधा रायफल असते, पण शिकारीतले कित्येक जीवघेणे अपघात अजूनही याच चुकीतून होतात. भारतात हरणाच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे. अमेरिकेत मात्र ती कायदेशीर आहे. तिथे परवाने, ठरलेला हंगाम आणि सुरक्षिततेचे काटेकोर नियम आहेत. हे नियम कसे आले, त्यामागचे कारण काय आणि शिकार न करणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे, ते या लेखात पाहू.

अमेरिकेतला हरणांचा हंगाम

अमेरिकेत सर्वाधिक शिकार होते ती पांढऱ्या शेपटीच्या हरणाची. हे हरीण बिचकले की शेपूट उभारून पळते आणि शेपटीची पांढरी खालची बाजू झेंड्यासारखी दिसते. पुढे अपघातांच्या संदर्भात हा पांढरा रंग पुन्हा येईल, म्हणून तो लक्षात ठेवा.

प्रत्येक राज्याचा हंगाम वेगळा असतो, पण बंदुकीने शिकार करण्याचे दिवस बऱ्याच ठिकाणी नोव्हेंबरच्या आसपास येतात. विस्कॉन्सिन राज्यात हा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा असतो आणि थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. तेवढ्या दिवसांत पाच लाखांहून अधिक लोक बंदुका घेऊन रानात उतरतात. एवढी गर्दी, पहाटेचा अंधुक उजेड, थंडी आणि वर्षभर वाट पाहिल्याची उत्सुकता या सगळ्यांतून अपघाताचा धोका तयार होतो.

तरीही अपघात खूप कमी झाले आहेत. विस्कॉन्सिनमध्ये १९६६ साली दर एक लाख शिकाऱ्यांमागे ४४ जण जखमी होत होते. आज तो आकडा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला आहे. याचे श्रेय मुख्यतः दोन गोष्टींना दिले जाते : सक्तीचे प्रशिक्षण आणि भडक नारिंगी कपडे. १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे प्रशिक्षण घेतल्याशिवाय सहसा शिकारीचा परवाना मिळत नाही. देशभरात अशा प्रशिक्षणाला १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा आधार आहे. या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९७० च्या दुरुस्तीपासून त्यातला काही भाग शिकाऱ्यांच्या प्रशिक्षणालाही मिळू लागला.

बंदुकीचे चार नियम

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हे चार नियम पाठ करून घेतात.

१. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच हाताळा. "रिकामीच आहे" हे वाक्य अनेक अपघातांच्या आधी उच्चारले गेले आहे.

२. नळीचे तोंड नेहमी सुरक्षित दिशेला ठेवा. चुकून बार उडालाच, तरी गोळी कोणाला लागणार नाही अशी दिशा निवडा.

३. लक्ष्य काय आहे, त्याच्या पुढे काय आहे आणि मागे काय आहे याची खात्री करा.

४. बार काढण्याची वेळ येईपर्यंत बोट चापावर ठेवू नका. ते चापाच्या कड्याबाहेर, बंदुकीच्या अंगाला सरळ असू द्या.

हे नियम एकमेकांना आधार देतात. एखादा मोडला तरी बाकीचे पाळले असतील तर सहसा जीव वाचतो. बंदुकीच्या सेफ्टी खटक्यावर मात्र विसंबून राहायचे नाही. ते यंत्र आहे, बिघडू शकते.

तिसऱ्या नियमातल्या 'मागे काय आहे' याकडे नवशिक्यांचे दुर्लक्ष होते. मोठ्या रायफलीची गोळी तीन किलोमीटरहून अधिक लांब जाऊ शकते. हुकलेली किंवा हरणाच्या अंगातून आरपार गेलेली गोळी कुठे थांबेल, हे आधीच पाहावे लागते. म्हणूनच टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या असलेल्या हरणावर गोळी झाडत नाहीत. मागे मातीचा चढ असेल, तर गोळी तिथेच रुतते. पेन्सिल्व्हेनियात दुसऱ्याच्या वस्ती असलेल्या घरापासून १५० यार्ड, म्हणजे साधारण १३७ मीटरच्या आत परवानगीशिवाय बंदुकीने शिकार करता येत नाही.

डोळ्यांना जे हवे तेच दिसते

नोव्हेंबर १९८८ मध्ये मेन राज्यातल्या हर्मन या गावी एक तरुण महिला घराच्या मागच्या आवारात उभी असताना गोळी लागून मरण पावली. गोळी झाडणारा हरणाच्या शिकारीला आलेला होता. तिच्या हातात पांढरे हातमोजे होते. आपल्याला हरीण दिसले, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि १९९० मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष ठरवले. तिने भडक रंगाचे कपडे का घातले नाहीत, असे उलट तिच्याबद्दलच काही जण बोलले. यावरून राज्यात मोठा वाद झाला. स्वतःच्या आवारात उभे राहणाऱ्याने काळजी घ्यायची, की बंदूक धरणाऱ्याने?

१९९१ मध्ये मेनने या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच लिहिले. लक्ष्य ओळखण्याची जबाबदारी पूर्णपणे शिकाऱ्याची ठरली. प्राण्याचे डोके आणि धड जवळजवळ विनाअडथळा दिसल्याशिवाय गोळी झाडायची नाही. केवळ आवाजावर, हालचालीवर, रंगावर किंवा शरीराच्या एखाद्या भागावरून अंदाज बांधायचा नाही.

असा नियम कायद्यात लिहावा लागला, कारण माणसाचा मेंदू अपुरे चित्र स्वतःच पुरे करतो. चार तास थंडीत हरणाची वाट पाहणाऱ्याला झुडपामागे काही हलले, की फांद्यांची शिंगे दिसू लागतात आणि रुमालाची शेपूट होते. छाती धडधडते, हात कापतात. अमेरिकन शिकारी याला 'बक फीव्हर' म्हणतात, म्हणजे हरणाचा ज्वर. अशा क्षणी समोरचा माणूस खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच हरीण 'दिसलेले' असते. यावर उपाय एकच आहे : शंका असेल तर गोळी झाडायची नाही. निसटलेले हरीण पुन्हा येईल, सुटलेली गोळी परत येणार नाही.

याच कारणाने गळ्यात वेगळी दुर्बीण असावी लागते. रायफलीवरच्या दुर्बिणीतून 'नुसते पाहायचे' म्हटले, तरी नळीचे तोंड त्याच दिशेला रोखले जाते. समोर माणूस निघाला, तर तुम्ही माणसावर बंदूक रोखलेली असते.

नारिंगी रंगच का?

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याला भडक, चमकता नारिंगी रंग घालणे बंधनकारक आहे. विस्कॉन्सिनमध्ये हा नियम १९८० पासून आहे. कमरेवरच्या बाहेरच्या कपड्यांचा निदान अर्धा भाग त्या रंगाचा असावा लागतो. २०१६ पासून तिथे भडक गुलाबी रंगही चालतो. पेन्सिल्व्हेनियात डोके, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी रंग दिसायला हवा.

मग हरीण सावध होत नाही का? हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. लाल-नारिंगी छटा त्याला वेगळ्या कळत नाहीत. आपल्याला झगझगीत दिसणारा नारिंगी रंग त्याला पाचोळ्यासारखाच भासतो. निळा रंग मात्र त्याला चांगला दिसतो. त्यामुळे नारिंगी कपड्यांनी शिकारीत फरक पडत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लगेच ओळखू येतो.

गटाने शिकार करताना

आपल्याकडच्या जुन्या शिकारकथांत हाका घालण्याचे वर्णन येते. काही जण आरडाओरडा करत जनावर उठवतात आणि बाकीचे पुढे दबा धरून बसतात. अमेरिकेतही अशी हाक्याची शिकार होते आणि ती धोक्याची मानली जाते, कारण हाकारे आणि नेम धरणारे समोरासमोर येतात. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवले जाते, की कोण कुठे उभा राहील, कोणत्या दिशेला गोळी झाडायची आणि कोणत्या दिशेला कधीच नाही. पळणाऱ्या हरणामागे नळी फिरवताना ती सोबत्यांकडे वळू लागली, तर बंदूक खाली घ्यायची. ठरलेली जागा कोणी न सांगता सोडायची नाही.

कुंपण, ओढा किंवा निसरडी दरड ओलांडताना आधी बंदूक रिकामी केली जाते. गाडीत ठेवण्यापूर्वीही तेच. शिकार आटोपेपर्यंत दारूला हात लावायचा नाही, हा नियम कोणासाठीही शिथिल होत नाही.

मचाणावरून पडणे

गोळीच्या अपघाताची बातमी होते. मचाणावरून पडलेल्याची सहसा होत नाही. प्रत्यक्षात हरणाच्या शिकारीतल्या गंभीर दुखापतींचे हे एक प्रमुख कारण आहे. तिथले मचाण म्हणजे झाडाच्या खोडाला पट्ट्यांनी आवळलेली लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची छोटी बैठक. चार-पाच मीटरवरून पडल्यास मणका मोडू शकतो आणि माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

याची काळजी अशी घेतात :

• संपूर्ण अंगाला बसणारा हार्नेस घालतात. फक्त कमरेचा पट्टा पुरत नाही. पडल्यावर तो पोटात रुतून श्वास कोंडतो.

• जमिनीवर पाय असतानाच हार्नेस सुरक्षा-दोराला जोडतात. पडण्याचा धोका चढता-उतरताना आणि शिडीवरून बैठकीवर पाय टाकताना सर्वाधिक असतो.

• चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी निदान तीन नेहमी शिडीवर टेकलेले असतात.

• बंदूक हातात घेऊन चढत नाहीत. ती रिकामी करून खाली ठेवतात आणि वर बसल्यावर दोरीने ओढून घेतात. धनुष्याचेही तसेच.

• गेल्या वर्षीचे पट्टे ऊन-पावसाने कुजलेले असू शकतात. दर हंगामाआधी पट्टे, साखळ्या आणि बोल्ट तपासतात.

हार्नेसमुळे जीव वाचला, तरी लटकून राहणे सुरक्षित नसते. पायांत रक्त साचून काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय हलवत राहायचे आणि हार्नेससोबत मिळणाऱ्या पट्ट्यात पाय अडकवून भार घ्यायचा. शिट्टी आणि मोबाइल हाताला लागतील अशा खिशात हवेत.

हरीण पडल्यानंतर

गोळी लागली म्हणजे धोका संपला, असे नाही. पडलेले हरीण जिवंत असू शकते आणि त्याच्या खुरांचा किंवा शिंगांचा मार जबर बसतो. त्याच्याकडे मागच्या बाजूने, सावकाश जातात. आतडी काढताना सुऱ्याने हात कापण्याचे प्रकार नेहमीचे आहेत. सुरा धारदार हवा, हातमोजे हवेत आणि पाते स्वतःपासून दूर चालवायला हवे.

मेलेले हरीण खांद्यावर टाकून आणणे तर फारच घातक. झाडीतून शिंगे हलताना दिसली, की दुसरा शिकारी नेम धरू शकतो. हरीण ओढत नेतात आणि त्यावर नारिंगी कापड बांधतात. हे ओढण्याचे कामही हलके नसते. वर्षभर खुर्चीत बसणारा माणूस कडाक्याच्या थंडीत पन्नास-साठ किलोचे ओझे ओढतो, तेव्हा हृदयावर मोठा ताण येतो. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर ओझे सोडून मदत मागायची. कुठे जाणार आणि केव्हा परतणार, हे घरी सांगून निघणे म्हणूनच महत्त्वाचे.

शिकार न करणाऱ्यांनी काय करावे?

पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा अशा राज्यांत अनेक मराठी कुटुंबे राहतात आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मुलांना घेऊन रानवाटांवर फिरायला जातात. हंगाम नेमका तेव्हाच असतो. जाण्यापूर्वी राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर तारखा आणि त्या जागेत शिकारीला परवानगी आहे का, हे पाहावे. सर्वांना, कुत्र्यालाही, नारिंगी जाकीट घालावे. पांढरे, तपकिरी आणि करड्या रंगाचे कपडे टाळावेत. पहाटे आणि संध्याकाळी हरणे जास्त फिरतात, म्हणून शिकारीही त्याच वेळी असतात. शक्यतो भर दुपारी जावे आणि मळलेली वाट सोडू नये. गोळीचा आवाज जवळून आला, तर मोठ्याने हाक द्यावी.

भारतात काय स्थिती आहे?

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार भारतात चितळ, सांबर, भेकर, काळवीट यांची शिकार गुन्हा आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. तरीही रात्रीच्या चोरट्या शिकारीत सोबत्यालाच जनावर समजून गोळी घातल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून येतात. लपूनछपून चालणाऱ्या शिकारीत नारिंगी कपडे नसतात, ठरलेल्या जागा नसतात आणि जखमीला दवाखान्यात न्यायलाही लोक कचरतात.

शिकार कायदेशीर असो वा नसो, गोळी सुटण्यापूर्वीचा प्रश्न एकच असतो : समोर नक्की कोण आहे? त्याचे उत्तर स्पष्ट दिसेपर्यंत बोट चापाबाहेर राहिले, तर यातले बहुतेक मृत्यू टळतात.