नकाशावर सही कोणाची? आर्किटेक्ट, ड्राफ्ट्समन आणि माझी एक चूक

परवा एका मित्राचा फोन आला. तो आणि त्याचा भाऊ वडिलांच्या प्लॉटवर जोडबंगला बांधतायत. दोन घरं, मधली भिंत एकच. प्रश्न साधा होता : "आर्किटेक्ट गाठू की ड्राफ्ट्समनकडून नकाशा काढून घेऊ? फीमध्ये बराच फरक पडतो." मी वास्तुव्यवसायाच्या इतिहासावर पीएचडी करतेय, म्हणून मला विचारलं. उत्तर द्यायला गेले आणि जाणवलं, की या दोन शब्दांमधला फरक कसा तयार झाला हे सांगितल्याशिवाय उत्तर अर्धवटच राहील. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हे वाचाच, कारण यात मी केलेली एक चूकही आहे.

आधी कोण आलं?

आपल्याला वाटतं, आर्किटेक्ट मूळचा आणि ड्राफ्ट्समन त्याचा मदतनीस. मुंबईतल्या शिक्षणाचा क्रम बघा. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झालं. तिथे १८९६ मध्ये जो वर्ग निघाला तो ड्राफ्ट्समनचा, म्हणजे आर्किटेक्टांच्या ऑफिसांसाठी सहाय्यक तयार करणारा. वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला तो १९०८ मध्ये, जॉन बेग यांच्या पुढाकाराने. १९१३ मध्ये रॉबर्ट केबल पहिले प्राध्यापक झाले. म्हणजे या शहरात आर्किटेक्टचं शिक्षण ड्राफ्ट्समनच्या वर्गातून वाढत गेलं.

इथे एक सावधगिरी. मुंबईत प्लेग आला तोही १८९६ मध्येच, आणि त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नवे रस्ते, नवे प्लॉट, म्हणजे नकाशांचं कामही वाढणारच. पण म्हणून 'प्लेगमुळे ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला' असं लिहून मोकळं होऊ नका. वर्ष एकच असणं हा पुरावा नव्हे.

पुढे केबल यांच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ मध्ये संघटना काढली. १९२२ मध्ये ती बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाली आणि १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. संघटना आली की 'आपल्यात कोण आणि बाहेर कोण' हा प्रश्न येतोच.

कायद्याने काय राखून ठेवलं?

त्याचं कायदेशीर उत्तर मिळायला १९७२ उजाडलं. त्या वर्षीच्या आर्किटेक्ट्स अॅक्टने कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आणि नोंदवही आणली. पण पहिली नोंदवही तयार होताना मान्य पदवी नसलेल्या, मात्र किमान पाच वर्षं आर्किटेक्ट म्हणून व्यवसाय केलेल्या भारतीय नागरिकांनाही दार उघडं होतं. कालपर्यंत अनुभवावर काम करणारा माणूस नोंदणी झाल्यावर आर्किटेक्ट ठरू शकत होता.

अजून एक गोष्ट. १७ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की या कायद्याचं कलम ३७ 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवतं. नोंदणी नसताना ती लावता येत नाही. पण डिझाइनचं काम करण्यावर हे कलम बंदी घालत नाही.

आता संशोधक म्हणून याचा अर्थ लावा. १९३५ च्या कागदावरचा 'आर्किटेक्ट' आणि १९८५ च्या कागदावरचा 'आर्किटेक्ट' हा एकच शब्द नाही. पहिल्यामागे ही नोंदणी नव्हती, दुसऱ्यामागे असायला हवी. दोघांना एकाच यादीत मोजलंत तर तुमची आकडेवारी पहिल्याच पानावर कोसळते.

माझी चूक

मी जवळपास हेच केलं होतं. पहिल्या प्रकरणात मंजूर नकाशांवरच्या सह्या मोजल्या आणि आर्किटेक्टची सही असलेली प्रत्येक इमारत 'आर्किटेक्टने रचलेली' म्हणून टाकली. गाइड मॅडमनी समासात एकच प्रश्न लिहिला : "ही सही नेमकं काय सिद्ध करते?"

सहीतून एवढंच कळतं, की महापालिकेपुढे जबाबदारी कोणी घेतली. जिन्याची जागा कोणाला सुचली, रेषा कोणी ओढल्या, हे त्यातून कळत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकट असते : काढणारा, तपासणारा. तिथे बहुतेक वेळा फक्त आद्याक्षरं. मी ती नोंदवलीच नव्हती. माझे बाबा आयुष्यभर ड्राफ्ट्समन होते. अशा शेकडो नकाशांच्या कोपऱ्यात त्यांची दोन अक्षरं आहेत, आणि त्यांच्याच मुलीने तो कोपरा वाचला नाही. सगळ्या फाइल्स पुन्हा काढल्या. चार महिने गेले.

तुमचे चार महिने वाचावेत म्हणून सांगते : तक्त्यात तीन रकाने वेगळे ठेवा. कल्पना कोणाची, रेखन कोणाचं, सही कोणाची. पुरावा नसेल तिथे 'माहीत नाही' लिहा. तीही नोंदच असते. आणि शब्द स्थळ-काळासकट वाचा. माझा मित्र आपल्या घराला 'ड्युप्लेक्स' म्हणतो. अमेरिकेत त्याचा अर्थ दोन कुटुंबांची दोन घरं असलेली इमारत. आपल्याकडे मात्र आतून जिना असलेलं दोन मजली घर.

मित्राला काय सांगितलं?

तेच तीन रकाने. घर कसं हवं हे पक्कं ठरलं असेल आणि फक्त अचूक नकाशा हवा असेल, तर चांगला ड्राफ्ट्समन पुरेल. पण दोन संसार, एक भिंत, उजेड कोणाच्या वाट्याला, उद्या एका भावाने घर विकलं तर काय, हे सुटलेलं नसेल तर आर्किटेक्ट घे. तो विचाराचे पैसे घेतो. मंजुरीसाठी कोणाची सही चालते ते तुझ्या महापालिकेत आधी विचार, कारण ड्राफ्ट्समनकडे परवाना नसेल तर सही दुसऱ्याचीच लागेल. स्ट्रक्चरल इंजिनिअर दोन्हीकडे घे.

शेवटी म्हटलं, "आणि नकाशा हातात आला की कोपऱ्यातली चौकट बघ. ज्याने काढलाय त्याचं पूर्ण नाव लिहून घे." तो हसला. पण पन्नास वर्षांनी तुमच्यापैकी कोणी ती फाइल उघडेल, तेव्हा त्याला एक रकाना भरलेला मिळेल.