गॅल्व्हेस्टन : उचलून धरलेलं शहर

मित्रहो, मागच्या खेपेला आपण १७५५च्या लिस्बनच्या भूकंपापाशी थांबलो होतो. त्या भूकंपानं युरोपातल्या विचारवंतांना ईश्वराच्या न्यायाविषयी प्रश्न विचारायला लावले. आजचं वादळ मात्र माणसाच्या ज्ञानाविषयी प्रश्न विचारतं.

टेक्सासच्या किनाऱ्यालगतचं गॅल्व्हेस्टन म्हणजे वाळूचं बेट. १९०० साली तिथे सुमारे ३८ हजार वस्ती होती, कापसाचं मोठं बंदर होतं. पण सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम नऊ फूट. ८ सप्टेंबरला हरिकेन आलं आणि पाणी पंधरा फुटांहून वर चढलं. निदान सहा हजार माणसं गेली. एका अनाथाश्रमात नव्वद मुलं आणि दहा जोगिणी बुडाल्या. तीन मुलगे तेवढे वाचले.

हे कुणाला ठाऊकच नव्हतं का? तर तसं नाही. त्याच किनाऱ्यावरचं इंडियानोला १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांत उद्ध्वस्त झालं होतं. त्यानंतर गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्रभिंतीची चर्चा झाली, भिंत मात्र झाली नाही. १८९१ साली तिथले हवामान अधिकारी आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लिहिलं, की अशा वादळाची भीती हा निव्वळ भ्रम आहे. त्याच वादळात त्यांची पत्नी गेली.

मग लोकांनी काय केलं? सतरा फूट उंचीची भिंत १९०४ पर्यंत बांधली. पुढे दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू भरली. काम १९११ पर्यंत चाललं. घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा! लोक कित्येक वर्षं फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करत होते. १९१५ साली तसंच मोठं वादळ आलं, तेव्हा भिंतीआड फार थोडे लोक दगावले.

पण बदल जमिनीपुरताच नव्हता, बरं का. नगरसेवकांच्या जागी १९०१ मध्ये पाच जणांचं आयोग आलं. सुरुवातीला त्यातले तिघे गव्हर्नरनं नेमलेले. कारभार झपाट्यानं झाला. आणि १९१४ मध्ये जहाजांचा खोल कालवा ह्यूस्टनपर्यंत पोचला, तसा व्यापारही तिकडे सरकला.

म्हणजे शहर वाचलं, पण पूर्वीचं उरलं नाही. आपणही कोकण किनाऱ्यावर राहतो. तेव्हा इंडियानोला आठवताना स्वतःला विचारूया : ठाऊक असलेली कोणती गोष्ट आपण आज भ्रम म्हणून बाजूला सारतो आहोत?