आजारपणाला आवर घालणारे संप्रेरक

१९२०च्या दशकात हान्स सेली प्रागमध्ये वैद्यक शिकत होते. निरनिराळ्या संसर्गांचे रुग्ण विद्यार्थ्यांसमोर आणले जात आणि प्राध्यापक प्रत्येक रोगाची खास खूण दाखवत. सेलींचे लक्ष मात्र सगळ्यांत सारख्या असणाऱ्या लक्षणांकडे गेले. अंग मोडून येणे, अन्नावरची वासना उडणे, जिभेवर थर, ताप, गळाठा. निदानाला ती निरुपयोगी, म्हणून त्यांची कुणी दखल घेत नसे.

पुढे मॉन्ट्रियलला मॅकगिल विद्यापीठात त्यांनी उंदरांना थंडीत ठेवले, जखमा केल्या, विषारी द्रव्ये टोचली. छळ कोणताही असो, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी वाढत, थायमस आक्रसे, जठरात व्रण पडत. १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचे याविषयीचे छोटेसे पत्र छापून आले.

त्या ग्रंथींमधून नेमके काय स्रवते, याचा शोध अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडल घेत होते. तिथलेच संधिवाततज्ज्ञ फिलिप हेंच यांना १९२९पासून एक कोडे पडले होते: कावीळ झाली की काही रुग्णांचे सांधे दुखायचे थांबतात, ते का? २१ सप्टेंबर १९४८ रोजी आमवाताने जखडलेल्या एका तरुणीला केंडल यांचे ‘संयुग ई’, म्हणजे कॉर्टिसोन, टोचले गेले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. १९५०चे नोबेल या दोघांना, टाडेउश राइखस्टाइन यांच्यासह, मिळाले. पण मोठ्या डोसांनी चेहरे गोल फुगले, मन बिघडू लागले.

सांध्यांची सूज उतरवणारे हे द्रव्य शरीर संकटातच जास्त का बनवते? लढाईच्या वेळी सैन्याला मागे ओढण्यासारखेच ते! १९८४ साली ॲलन मंक आणि सहकाऱ्यांनी पटणारे उत्तर मांडले: हे संप्रेरक संकटाशी लढत नाही, शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराला हाताबाहेर जाण्यापासून रोखते. दोनच वर्षांनी ह्यूगो बेसेडोव्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, प्रतिकारपेशींचे इंटरल्युकिन-१ हे रसायन मेंदूमार्फत अधिवृक्क ग्रंथींना चाळवते. हेच रसायन प्राण्याला सुस्त करते, त्याची भूक मारते. १९८८ साली पशुवैद्य बेंजामिन हार्ट यांनी या सुस्तीत शहाणपण असल्याचे सांगितले: हालचाल थांबली की वाचलेली शक्ती तापाच्या कामी येते. पण या आजारपणालाही आवर लागतो: अधिवृक्क ग्रंथी काढलेले उंदीर जंतुविषाच्या अगदी थोड्या मात्रेनेही फार जास्त आजारी पडतात. कॉर्टिसोनच्या कुळातले स्टेरॉइड संप्रेरक दिले की ते सावरतात.

आवर नसला तर धोका, अति झाला तरी धोका. २०२० साली ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या त्याच कुळातल्या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र काहीच फायदा झाला नाही. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची भयंकर साथ सोसली. अनिर्बंध दिलेली स्टेरॉइड आणि वाढलेली रक्तशर्करा ही तिची मोठी कारणे होती.

अधिवृक्क ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांना ताप आला की डॉक्टर स्टेरॉइडच्या रोजच्या गोळीचा डोस वाढवायला सांगतात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांच्या ग्रंथीही मंदावलेल्या असतात. त्यांनी डॉक्टरांना न विचारता गोळी कधीही एकदम थांबवू नये.