तगादा ते कैफियत

दवाखान्याच्या थकलेल्या बिलाचा दावा लागला आणि बेलिफ समन्स देऊन गेला, की माझ्याकडे येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वकीलबाई, जेलात टाकतील का?" विचारणारा शेतकरी असो, एमआयडीसीतला कामगार असो, नाहीतर निवृत्त शिक्षक. बारामतीच्या कोर्टात वकिली करताना हीच भीती मी वर्षानुवर्षे पाहत आले आहे. ती उगाच आलेली नाही. पैसे थकवणाऱ्याला कोंडून ठेवण्याची रीत आपल्याकडे खरोखरच होती, आणि ती मोडण्याचा मोठा भाग आमच्याच तालुक्याच्या परिसरात घडला. हा इतिहास ठाऊक असलेला माणूस समन्स हातात घेऊन ताठ उभा राहतो, असा माझा अनुभव आहे.

पेशवाई १८१८ मध्ये संपली आणि दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे आला. पुढच्याच वर्षी त्याने या मुलखाविषयी मोठा अहवाल लिहिला. कर्जवसुलीचे इथले मुख्य साधन म्हणून त्याने तगाद्याचे वर्णन केले आहे. सावकार आपल्या बरोबरीच्या किंवा खालच्या ऋणकोला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, उन्हात बसवून ठेवी. ऋणको बडा असला तर धनको त्याच्या दारात धरणे धरून बसे. मामला मिटेपर्यंत हे चाले. शरीर अडवायचे आणि अब्रूला हात घालायचा, एवढ्यावर सगळी वसुली उभी होती.

मग इंग्रजांची दिवाणी न्यायालये आली. तगाद्याच्या जागी दावा आला, पण गरिबाच्या पदरात न्याय पडला नाही. सावकाराकडे लेखी रोखा असे, कुणब्याकडे काहीच नसे. कोर्ट लांब, भाषा कळेना, वकील परवडेना. तो तारखेला जातच नसे आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होई. त्यातून जमीन जाई, बैल जात, आणि हुकूमनाम्याच्या वसुलीत कैदही होत असे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दाव्याला कालमर्यादा घातली, तर सावकार मुदत संपायच्या आत व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला बाजाराच्या दिवशी लोकांचा संयम सुटला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. जमावाने सावकारांच्या घरादुकानांत शिरून रोखे आणि हुकूमनामे ओढून काढले आणि जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली, पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक आणि कैद बंद झाली. दुसरी, कोर्टाने नुसत्या रोख्यावर विसंबायचे नाही, व्यवहाराच्या मुळाशी जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, फेड किती याचा हिशेब स्वतः तपासायचा, असा दंडक आला. कागदावर अंगठा आहे एवढ्याने भागेना. रक्कम खरी असावी लागे.

आजचा दिवाणी प्रक्रिया संहितेचा कायदा १९०८ चा आहे. त्याच्या कलम ६० मध्ये जप्तीतून काय सुटते याची यादी आहे, आणि ती मी अशिलाला नेहमी वाचून दाखवते. स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे बाईने अंगावरून उतरवायचा नसतो असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, त्याचे राहते घर. नोकरदाराच्या पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुरक्षित राहतात. कलम ५६ प्रमाणे पैशाच्या हुकूमनाम्यासाठी बाईला अटक करताच येत नाही. पुरुषाला दिवाणी कैदेत टाकण्याची तरतूद अजून आहे, पण १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी तिला घटनेच्या कलम २१ ची चौकट घातली. पैसे नाहीत म्हणून फेडले नाहीत, एवढ्यावर कैद नाही. ऐपत असून बुडवण्याची दानत दिसली पाहिजे. "जेलात टाकतील का?" या प्रश्नाला माझे उत्तर इथून येते.

दवाखान्याचे बिल या कहाणीत उशिरा आले. मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले, पुण्याचे ससून १८६७ मध्ये. दोन्हींच्या मागे दानशूरांचा पैसा होता आणि गरिबाला उपचार मिळावेत हा हेतू. गेल्या काही दशकांत खासगी रुग्णालये वाढली, अतिदक्षता विभाग आले, आणि आठवड्याभराच्या आजारात दोन एकरांची किंमत निघून जाऊ लागली. बिल भरता न येणारी नवी ऋणको मंडळी तयार झाली, आणि त्यांच्यासाठी जुना तगादा परत आला. पूर्ण रक्कम भरेपर्यंत डिस्चार्ज नाही. माणूस दगावला तर मृतदेह नाही. बरा झालेला रुग्ण बिलापायी खाटेवर अडकून राहतो आणि त्या अडकलेल्या दिवसांचेही भाडे लागते. एल्फिन्स्टनने टिपलेली पद्धत यापेक्षा वेगळी नव्हती.

याला कायद्याने उत्तर दिले आहे, आणि ते लोकांपर्यंत पोचत नाही याची मला तळमळ आहे. बिलासाठी रुग्णाला डांबता येत नाही, हे २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत २०१८ मध्ये हा हक्क लिहिला गेला. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक केले. एखाद्याला असे कोंडणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा ठरू शकते. धर्मादाय रुग्णालयांसाठी तर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजनाच मंजूर केली. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि बिलाच्या दोन टक्क्यांतून निर्धन रुग्ण निधी. दावा आला की मी आधी विचारते, हे रुग्णालय धर्मादाय आहे का, आणि योजनेखाली अर्ज घेतला होता का?

रुग्णालयाला पैसे मागायचे असतील, तर त्याचा रस्ता दिवाणी कोर्टाचा, आणि तोही साधारण तीन वर्षांच्या मुदतीत. लोक दाव्याला घाबरतात. मला मात्र रुग्णासाठी बिलाच्या काउंटरपेक्षा कोर्ट बरे वाटते. काउंटरवर त्याला बोलता येत नाही, कोर्टात येते.

काही वर्षांपूर्वी एका सुतारावर असा दावा झाला. बायकोची शस्त्रक्रिया, मग जंतुसंसर्ग, मग अतिदक्षता विभाग. त्याने होते ते विकून भरले, तरी बाकी राहिलीच. तारखेला जायची त्याला लाज वाटत होती. म्हणाला, "त्यांनी तिला वाचवलं, आता मी त्यांच्यासमोर उभा कसा राहू?" आम्ही कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली. उपचार झाले हे कबूल केले, त्याबद्दल कृतज्ञता लिहिली, आणि मागितला फक्त तपशील : औषधे किती, खाटेचे दिवस किती, डॉक्टरांच्या भेटी किती. कागद आले तेव्हा काही आकारणी दोनदा झाल्याचे दिसले. रक्कम कमी झाली, लोकअदालतीत तडजोड झाली, हप्ते ठरले. त्याची हत्यारे त्याच्याकडेच राहिली आणि त्याने हप्ते फेडले. व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा १८७९ चा दंडक तो तपशील मागताना मला आठवत होता.

मे २०२० मध्ये हीच गोष्ट राज्यभर सिद्ध झाली. कोविडच्या वेळी सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ऐंशी टक्के खाटांचे दर बांधले : साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागाला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. बिले तपासायला लेखापरीक्षक बसले. बिल तपासता येते आणि कमीही होते, हे सामान्य माणसाने तेव्हा पाहिले.

एका मागच्या दाराविषयी मात्र बजावून सांगते. डिस्चार्जच्या वेळी कोरा चेक देऊ नका. चेक वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागते आणि तो फौजदारी मामला होतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. चेकच्या किंवा लेखी कबुलीच्या आधारे समरी दावाही लावता येतो आणि त्यात हजर व्हायला दहाच दिवस मिळतात. साध्या दाव्यात कैफियतीला तीस दिवस असतात, कोर्टाने वाढवले तर नव्वद. समन्स घेतले नाही किंवा घडी करून फळीवर ठेवले, तर पुन्हा एकतर्फी हुकूमनामा होतो, सुप्याच्या कुणब्यावर होत होता तसाच. वकील परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.

डॉक्टरांचे पैसे बुडावेत असे माझे म्हणणे नाही. कष्टाचा मोबदला त्यांचा हक्क आहे आणि कोर्ट तो मिळवून देते. पण दर आधी सांगितलेला असावा, बिल तपशीलवार असावे आणि वसुली माणसाला कोंडून न होता कोर्टातून व्हावी. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने अजून स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा, नाहीतर स्वतःचा त्याहून कडक कायदा करावा. तोवर ज्याच्या दारात समन्स येईल त्याने तारखेला जावे, कैफियत द्यावी आणि हिशेब मागावा. आजारपणात झालेले कर्ज हा गुन्हा नाही. दीडशे वर्षांच्या भांडणातून आपण मिळवलेला हा हक्क वापरला तरच टिकेल.