१९२२ : जागतिक कविता

आधुनिक कवितेच्या इतिहासातील कलाटणीचे वर्ष. पहिल्या महायुद्धानंतरची मोडतोड या वर्षी वेगवेगळ्या भाषांतील कवितेत एकदम उमटली. टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘द क्रायटेरियन’च्या पहिल्याच अंकात आली. एझ्रा पाउंडने हस्तलिखितावर निर्दयपणे कात्री चालवून ती निम्म्यावर आणली. कवितेचा तुटक, अनेक आवाजांचा बाज त्यामुळेच ठसठशीत झाला. मराठीत मर्ढेकरांच्या नवकवितेची चर्चा निघाली की एलियटचे नाव हमखास येते.

तितकेच धाडसी, पण बराच काळ दुर्लक्षित राहिलेले पुस्तक म्हणजे पेरूच्या सेसार वायेहोचे ‘त्रिल्से’. यातील काही कविता त्याने तुरुंगात लिहिल्या, आणि ७७ कवितांचा हा संग्रह छापलाही गेला लिमाच्या तुरुंगातील छापखान्यात. त्यात व्याकरण आणि शुद्धलेखन यांची त्याने मुद्दाम मोडतोड केली.

स्वित्झर्लंडमधील म्यूझो येथे रिल्केने फेब्रुवारीत ५५ सुनीते लिहिली आणि १९१२ पासून रखडलेल्या ‘दुइनो’ विलापिका पुऱ्या केल्या. रशियन कवितेत पास्तरनाकचा ‘माझी बहीण – जीवन’ आणि मांदेलश्तामचा ‘त्रिस्तिया’ हे संग्रह आले. त्स्वेतायेवाने देश सोडला.

बंगालीत काझी नझरुल इस्लाम यांची ‘विद्रोही’ जानेवारीत प्रसिद्ध होऊन गाजली. ऑगस्टमध्ये त्यांनी ‘धूमकेतु’ हे नियतकालिक काढले. त्यातील एका राजकीय कवितेवरून ब्रिटिश सरकारने नोव्हेंबरमध्ये त्यांना अटक केली.