अंटार्क्टिकाचा बर्फ आणि दूरचे किनारे

अंटार्क्टिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर असून त्यावरील बर्फाची सरासरी जाडी दोन किलोमीटरच्या आसपास आहे. हा सारा बर्फ वितळला, तर जगभरातील समुद्राची पातळी सरासरी ५८ मीटरने वाढेल. तसे घडायला हजारो वर्षे लागतील. संशोधकांना आज चिंता आहे ती त्यातील एका लहान भागाची.

ध्रुवीय बर्फाची चर्चा करताना तरंगता बर्फ आणि जमिनीवर टेकलेला बर्फ यांतील फरक बहुधा विसरला जातो. पेल्यात तरंगणारा बर्फाचा खडा विरघळला, तरी पाण्याची पातळी वाढत नाही. आर्क्टिक महासागरावरील तरंगत्या बर्फाचेही जवळपास तसेच. (त्याचे नुकसान वेगळे. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवतो, उघडे पडलेले पाणी तो शोषून घेते.) जमिनीवरचा बर्फ समुद्रात उतरला, की मात्र पातळी वाढते.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागून बर्फाच्या प्रचंड तरंगत्या लाद्या आहेत. भारताचे 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले केंद्र अशाच लादीवर उभारले होते. ते बर्फाखाली गाडले जाऊ लागल्याने १९९० मध्ये बंद करावे लागले. 'मैत्री' केंद्र मात्र खडकाळ भूमीवर बांधण्यात आले. या लाद्या मागच्या हिमनद्यांना बुचासारख्या थोपवून धरतात. २००२ मध्ये 'लार्सन बी' लादीचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा भाग काही आठवड्यांत फुटला आणि तिच्यामागील हिमनद्यांचा वेग कित्येक पटींनी वाढला.

पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीकडे सध्या सर्वाधिक लक्ष आहे, ते यामुळेच. तिच्यातील बर्फ समुद्राची पातळी सुमारे ६५ सेंटीमीटरने वाढवू शकतो. तिचा तळ समुद्रसपाटीच्या खाली असून खंडाच्या आतल्या दिशेने अधिक खोल होत जातो. त्यामुळे उबदार खारे पाणी खालून शिरत राहते. २०२० मध्ये बर्फाला सुमारे ६०० मीटर खोल छिद्र पाडून एक यंत्रमानव तिच्या तळाशी सोडण्यात आला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दुहेरी होते. सपाट तळ अपेक्षेपेक्षा सावकाश वितळतो. भेगा आणि पायऱ्यांसारखे कडे मात्र झपाट्याने झिजतात.

हे पाणी जगभर सारखे पसरेल, असे मानणे चूक ठरेल. घंगाळात तांब्याभर पाणी ओतले, की ते सगळीकडे सारखेच चढते. समुद्राचे तसे नाही. एवढा अवाढव्य बर्फ आपल्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो घटला, की ही पकड सैल होते. अंटार्क्टिकालगतचा समुद्र उलट खाली जातो आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून अधिक चढतो. पश्चिम अंटार्क्टिकाच्या बाबतीत हा अधिक वाटा उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांना आणि हिंदी महासागराला मिळतो.

उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातील बदल मोजून केलेल्या नोंदींनुसार २००२ ते २०२३ या काळात अंटार्क्टिकाने दरवर्षी सरासरी १५० अब्ज टन बर्फ गमावला. आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालात या शतकाअखेरची संभाव्य वाढ, उत्सर्जनानुसार, २८ सेंटीमीटर ते सुमारे एक मीटर दिली आहे. बर्फाच्या थरांविषयीच्या अनिश्चिततेमुळे, उत्सर्जन फार वाढल्यास दोन मीटरची शक्यताही समितीने नाकारलेली नाही. हे आकडे जागतिक सरासरीचे आहेत. भराव घालून सात बेटे जोडलेल्या मुंबईसाठी गुरुत्वाकर्षणामुळे पडणारी भर वेगळी धरावी लागते.