किमतीसकट नाव

१८६० सालच्या अमेरिकी खानेसुमारीत गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. मालकाचं नाव, आणि त्याच्याखाली ओळीनं माणसं: वय, स्त्री की पुरुष, वर्ण काळा की मिश्र. कुणी पळून गेलं असेल तर त्याचा रकाना, आंधळं-बहिरं असेल तर त्याचा रकाना. गुलामांना राहायला घरं किती, हेसुद्धा विचारून घेतलेलं. नाव तेवढं मालकाचं. त्या साली देशात साडेएकोणचाळीस लाखांवर माणसं गुलामीत होती. तुरळक अपवाद सोडले तर या तक्त्यांत त्यांच्यातल्या कुणाचंही नाव सापडत नाही.

गोऱ्या कुटुंबांचं तसं नव्हतं. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव खानेसुमारीत येऊ लागलं. पुढं १८७६ मध्ये देशाची शंभरी भरली तेव्हा राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी गावोगावचे आणि काउंट्यांचे इतिहास लिहिण्याचं आवाहन केलं, आणि प्रकाशकांना एक धंदाच सापडला. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांची आठवण यावी असे जाडजूड ग्रंथ निघाले. त्यांत स्थानिक प्रतिष्ठितांची चरित्रं असत. बहुतेकदा वर्गणी भरणाऱ्यांची, आणि त्यांनी स्वतःच पुरवलेल्या माहितीवर बेतलेली. वडील कुठून आले, लग्न कधी झालं, युद्धात कुठल्या पलटणीत होते, चर्च कुठलं, हे सगळं त्यात मिळतं, आणि वंशावळ मांडणाऱ्याला ते सोन्यासारखं असतं. मळा कुणाच्या हातांनी पिकला, याची वाच्यता मात्र सहसा नसते.

गुलामांच्या वंशजांचा शोध १८७० च्या खानेसुमारीपाशी येऊन अडतो. मुक्तीनंतरची ही पहिली गणना. यात सगळ्या काळ्या माणसांची नावं आहेत. तिच्या मागं जायचं तर आधी मालक शोधावा लागतो. आडनाव जुळतं का बघायचं (नेहमी जुळत नाही, अनेकांनी मालकाचं आडनाव घेतलंच नाही), शेजारपाजारचे जमीनदार बघायचे, मग त्यांच्या १८६० च्या तक्त्यातली वयं दहा वर्षांनी वाढवून ताडून पाहायची. एवढं करूनही हाती येतो तो अंदाजच. पुरावा असतो काउंटीच्या कचेरीत: मालकाच्या मृत्युपत्रात, वाटणीपत्रात, खरेदीखतात, गहाणखतात. तिथं नावं आहेत. हॅरिएट, अमुक वर्षांची, इतके डॉलर. मालक मेला किंवा कर्जात बुडाला की गुलामांची नावं कागदावर चढत, गाईगुरांच्या आणि पलंग-कपाटांच्या सोबतीनं.

नाव किमतीशिवाय लिहिलेली एक वही होती. १८६५ साली मुक्त झालेल्यांसाठी बचत बँक निघाली. खातेदाराची ओळख पटावी म्हणून ती त्याचं जन्मगाव, नवराबायको, मुलं, भावंडं विचारून घेई; सुरुवातीच्या अर्जांत जुन्या मालकाचं नावही असे. १८७४ मध्ये बँक बुडाली आणि सुमारे ६१ हजार लोकांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. पैसे गेले, पण वह्यांपैकी बऱ्याच राहिल्या. ज्यांचे पणजोबा त्या बँकेत नागवले गेले, त्यांच्यापैकी अनेकांना पणजोबांच्या आईचं नाव तिथंच मिळालं.

या शोधाची गोष्ट निघाली की ॲलेक्स हेली यांचं १९७६ सालचं ‘रूट्स’ आठवतं. त्याच्याही वीस वर्षं आधी, १९५६ मध्ये, पॉली मरे यांचं ‘प्राउड शूज’ आलं होतं. माझ्या मते इतिहास म्हणून तेच जास्त भरवशाचं. पॉली पेशानं वकील. १९५२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या एका कामासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हा त्यांचे पूर्वीचे ‘संबंध’ शंकास्पद ठरवून तो नाकारला गेला. कम्युनिस्टांच्या संशयाचे दिवस होते ते. माझे खरे संबंध कुणाशी, ते दाखवते, अशा जिद्दीनं त्या आजोळाच्या इतिहासाकडं वळल्या.

लहानपणी आई वारल्यावर त्या डरहॅमला मावशीकडं, आजी-आजोबांच्या सहवासात वाढल्या. आजोबा रॉबर्ट फिट्झजेराल्ड जन्मानं स्वतंत्र. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढलेले, नंतर मुक्त झालेल्यांना शिकवायला दक्षिणेत आलेले, म्हातारपणी दृष्टी गेलेले. त्यांची रोजनिशी होती, लष्कराचे कागद होते. खरी अडचण आजीची. कॉर्नेलियाचा जन्म १८४४ चा, गुलामीतला. तिच्या आईला, हॅरिएटला, पंधराव्या वर्षी डॉ. जेम्स स्मिथ यांनी आपली मुलगी मेरी रफिन हिच्यासाठी विकत घेतलं होतं. हॅरिएटचं लग्न एका स्वतंत्र काळ्या माणसाशी झालं होतं. स्मिथांच्या मुलांनी त्याला हाकलून लावलं. त्यांच्यातल्या सिडनीनं हॅरिएटवर बलात्कार केला, आणि त्यातून कॉर्नेलिया झाली.

म्हणजे इथं मालकाचा शोध हाच पूर्वजाचा शोध होता. स्मिथ हे तालेवार घराणं: डॉक्टर स्वतः अमेरिकी काँग्रेसचे सदस्य आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे विश्वस्त होते. मेरी रफिन यांनी मृत्युपत्रात आपल्या जमिनीचा मोठा भाग त्याच विद्यापीठाला दिला, आणि हॅरिएटच्या चार मुलींना प्रत्येकी शंभर एकर. नातं मान्य करणारा शब्द नाही, पण एकर मोजून दिलेले. १९३८ मध्ये त्याच विद्यापीठानं पॉलींना प्रवेश नाकारला, कारण त्या काळ्या. आजीला मात्र आयुष्यभर स्मिथांच्या रक्ताचा अभिमान होता. नातीनं तो अभिमानही पुस्तकात लपवला नाही, आणि मला त्या पुस्तकातलं सर्वांत अवघड काम तेच वाटतं.

हेलींच्या बाबतीत उलटं घडलं. कुंटा किंटे १७६७ मध्ये जहाजातून उतरला आणि त्याचं नाव टोबी ठेवलं गेलं, असं त्यांनी लिहिलं. १९८१ मध्ये दोन वंशावळतज्ज्ञांनी व्हर्जिनियातले जुने कागद तपासले, तर टोबी तिथं १७६२ मध्येच हजर. तरी ‘रूट्स’मुळं हजारो लोक पहिल्यांदा दप्तरखान्याची पायरी चढले, हेही खरंच.

जानेवारी १९७७ मध्ये ‘रूट्स’ची मालिका दूरचित्रवाणीवर लागली. त्याच महिन्यात, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॉलींना एपिस्कोपल चर्चची दीक्षा मिळाली. त्या पंथातल्या त्या पहिल्या काळ्या स्त्री-धर्मगुरू. १३ फेब्रुवारीला त्यांनी पहिला प्रभुभोजन विधी चालवला तो चॅपल हिलच्या ‘चॅपल ऑफ द क्रॉस’मध्ये. १८५४ साली याच चर्चमध्ये कॉर्नेलियाचा बाप्तिस्मा झाला होता. नोंदवहीत ती मेरी रफिन स्मिथ यांच्या मालकीच्या नोकर मुलांपैकी एक. पॉलींनी वाचनासाठी आजीचं बायबल आणलं होतं. ते ज्या पीठिकेवर ठेवून त्यांनी वाचलं, तिच्यावर देणगीदाराच्या स्मृतीचं नाव कोरलेलं होतं: मेरी रफिन स्मिथ.